गुंडीवरचं नाव

३ नोव्हेंबर, सोमवार
आले एकदाची मोहाडीला! नागपूरहून टेम्पोत दोन गाद्या, शेगडी, माझ्या पुस्तकांची पेटी आणि पुढच्या सीटवर आई, मांडीवर तांब्याची गुंडी घेऊन. तिथे फिल्टर आहे, पाणी भरायची गुंडी कशाला, हे सांगून मी थकले. तिच्या मामानं लग्नात दिलेली, काठावर 'तुळसा' असं नाव घातलेलं. शाळेत न गेलेली आई त्याच अक्षरांवर बोट फिरवून सही शिकली. तिला लिहिता येतो तो एवढा एकच शब्द.

राईस मिलच्या आवारातच क्वार्टर मिळालं. मिलचा बॉयलर धानाच्या तुसावर चालतो. त्याच्या धुरातला कार्बन डायऑक्साइड वेगळा काढायचा आणि विजेच्या जोरावर कामाच्या वायूत बदलायचा, ही माझी नोकरी. खरी करामत टाकीत बुडवलेल्या तांब्याच्या पट्टीची, म्हणजे इलेक्ट्रोडची. एमएस्सीला माझी पट्टी बोटाएवढी होती, इथली ताटाएवढी आहे. रात्री वांग्याची भाजी केली. आईनं दोनदा घेतली.

७ नोव्हेंबर, शुक्रवार
पट्टी काळी पडते आहे, तांबं भेसळीचं निघालं. मालक धनंजय सरांनी १२ तारखेला मशीन बघायला पुण्याचे पाहुणे बोलावलेत आणि नवा पत्रा यायला पंधरा दिवस. भंडाऱ्याचे मंगरूकाका पिढीजात भांडी घडवतात, आमच्या पट्ट्याही तेच ठोकून देतात. ते म्हणाले, जुन्या भांड्याचं तांबं असेल तर बघा.

मी गुंडी मागितली. आई म्हणाली, "माहं नाव आहे न त्याच्यावर." मी हसले. नाव काय विरघळणार आहे का, म्हटलं. जेवेपर्यंत रुसली, मग स्वतःच चिंचेनं घासून दिली.

१० नोव्हेंबर, सोमवार
पट्टी तयार. घातलेलं नाव मधून कापायचं नसतं म्हणे, म्हणून काकांनी नावाचा तुकडा पट्टीच्या कानाशी ठेवला. टाकीबाहेर तो दिसतो. माझ्या कामावर आईची सही. मला फार आवडलं.

१२ नोव्हेंबर, बुधवार
कमाल झाली. इतका वायू या टाकीतून कधीच निघाला नव्हता. सर मला सगळ्यांसमोर हुशार म्हणाले, मी दिवसभर हवेत. आईसाठी पेढे नेले. तिनं अर्धाच खाल्ला. तिला दम लागतो आहे, तूस उडतं त्याचा त्रास असावा.

१५ नोव्हेंबर, शनिवार
बॉयलर सफाईसाठी बंद. वायूचा कॉक मी स्वतः बंद केला, तरी आत जाणाऱ्या वायूचा मीटर मिनिटाला दोनशे मिली दाखवतो. पाईपच काढून ठेवला. तरी दोनशे. काटा स्थिर नाही, वर जातो, खाली येतो. मोजलं. मिनिटाला अठरा वेळा.

माणूस श्वासातून साधारण एवढाच वायू बाहेर सोडतो. उगाच आठवलं.

१७ नोव्हेंबर, सोमवार
डॉक्टर म्हणतात, छाती साफ आहे. मग ती दोन पावलांत का बसते?

पाईप अजून काढलेलाच. दुपारी आईचा फोन मीटरसमोर ठेवून व्हिडिओ कॉल लावला आणि तिच्या खाटेजवळ बसले. तिची छाती वर, काटा वर. छाती खाली, काटा खाली. ती घटाघटा पाणी प्यायली. तेवढा वेळ काटा थांबला.

मीच मागितली होती गुंडी. मी हसले होते.

१८ नोव्हेंबर, मंगळवार
टाकीची वीज बंद केली. शेजारच्या लीलाबाई ओरडत आल्या, तुळसाबाई पडल्या, श्वास नाही. बटण परत दाबलं. आई उठून बसली. ओठ निळे होते.

वीज कमी करून पाहिली. तितकाच तिचा श्वास कमी झाला. सुरू ठेवलं तर रोज थोडी ओढली जाते, बंद केलं तर लगेच. पट्टी बाहेर काढू शकत नाही. काय करू? कोणाला सांगू?

१९ नोव्हेंबर, बुधवार
उद्या दहा ते चार लाईट बंद, दुरुस्तीसाठी. विजेच्या ऑफिसात जाऊन हात जोडले. ते म्हणाले, सगळ्या तालुक्याचं काम आहे, मॅडम. जनरेटर तुमसरला दुरुस्तीला गेलेला. सर म्हणाले, सहा तास मशीन बंद राहिली तर बिघडतं काय?

आईच्या उशाशी बसून मंगरूकाकांना फोन लावला, स्पीकरवर, एका हातानं तिला वारा घालत होते म्हणून. नाव खोडलं तर? ते म्हणाले, "खोडू नको बाई, माणूस खोडल्यावानी होते. वरून दुसरं नाव घातलं का भांडं दुसऱ्याचं होते. पण कायले विचारून राहिली?"

फोन ठेवला. आई झोपली होती. झोपली असावी.

२० नोव्हेंबर
८.४० — खिळा, हातोडी. वीज सुरूच. तिच्या नावावर माझं कोरते आहे.

९.१० — 'री' झालं. छातीवर धानाचं पोतं ठेवल्यासारखं —

९.३० — 'ना' झालं. आई चालत आली. चालत! मोकळं वाटून राहिलं म्हणाली. तिला लीलाबाईंकडे पाठवलं. चहा पिऊन ये म्हटलं.

९.४० — श्वास धरून पाहिला. काटा थांबला. माझाच आहे.
उठता येत नाही. भिंतीला टेकून लिहिते. वीस मिनिटं. सर, या पट्टीवर आणखी कोणाचं नाव घालू देऊ नका. आईला तर मुळीच —

९.५१ — आई परत आली. काल झोपली नव्हती. सगळं ऐकलं होतं. खिळा उचलला तिनं. मी तिचा पाय धरला, तिनं सोडवून घेतला. "माह्या गुंडीवर माहंच नाव राहीन," म्हणाली.

ठोकते आहे. एकेक अक्षर. तेवढंच तर येतं तिला —

नको गं आई —

९.५६ — छाती हलकी होते आहे माझी. आई, थांब, अजून चार मिनिटं आहेत, मी उठू शकते, मी उठते, तू फक्त शेवटचं अक्षर —