विहीणबाईंनी दिलेली चिमणी

कोरेगाव, सोमवार

सौ. बनुबाई विहीणबाईंना सुलाबाईचा मनापासून नमस्कार. आमी सगळी खुशाल हाय. तुमचं गुडघं आता जिना चढू देत्यात का, ते कळवा. तुमची दीपमाला सुखात हाय, रोज शाळेत शिकवायला जाती, तिची काळजी करू नका. (करायचीच तर माझी करा. फोन केला असता, पन माझा आवाज शेजारच्या गल्लीत ऐकू जातो, हे तुमाला ठावं हाय.)

पत्राला कारण काय न्हाई, सहजच. लग्नात तुमी गॅसवर लावायची चिमणी दिली, तिचं कवतिक आमच्या भावकीत अजून चालतंय. दोन वर्सं तिनं निमूट धूर वढला, आन गेल्या आठवड्यात पाव्हणं जेवायला असताना तेलाचा एक काळा थेंब नेमका बासुंदीत सोडला. दीपमाला म्हनली, "आत्या, तुमचं भजी-वडं लय होत्यात. चिमणी साफ करायला साताऱ्याचा माणूस शनिवारी येतोय, तवर हात लावू नका." सासूच्या भज्यांवर बोट ठेवल्यावर कोन गप बसंल? ती शाळेत गेली, मी स्टुलावर चढले.

चिमणीतली तेल धरायची जाळी म्हंजे काळ्या गुळाची ढेप. लिंबू झालं, चिंच झाली, भांड्याचा साबण झाला. मग आमच्या ह्यांनी (मिल्ट्रीतनं आल्यापासनं हुकूम सोडायला त्यांना मी एकटीच उरलेय) मोरीत टाकायचा कॉस्टिक सोडा आणून दिला. उकळत्या पाण्यात सोडा, सोड्यात जाळी. असं फसफसलं म्हनता, आमी दोघं परड्यात जाऊन उभं राहिलो. फेस बसल्यावर बघतोय तर तेल सगळं गेलेलं, विहीणबाई. जाळीबी बरीचशी गेलेली. ॲल्युमिनियमला सोडा चालत न्हाई, असं हे नंतर म्हनलं.

उरली ती तशीच बसवलीय. मधल्या भोकातनं लाटणं जातंय. दीपमालानं वर बघू नये म्हनून तिला स्वयंपाकघरात पाऊल टाकू देत न्हाई. चहा, डबा, दोन्ही वेळचं ताट, सगळं तिच्या हातात नेऊन देते. पन शनिवारी तो माणूस चिमणी उघडंल, तवा या घरात माझं तोंड कायमचं बंद.

आपली,
सुलाबाई

ता. क. तुमी दोन्ही घरांना सारखीच चिमणी घेतलीती. तुमी तर अजून मागल्या दारच्या चुलीवरच रांधता, म्हंजे तुमची जाळी कोरीच असंल. शुक्रवारच्या आत कोरेगावच्या एस्टीनं कुणाच्या तरी हाती धाडा. दीपमालाला यातलं काय कळू देऊ नका.

ता. क. आई, मी दीपमाला. आत्यांनी पाकीट टपालात टाकायला माझ्याच हातात दिलं. पत्ता अर्धाच होता, पुरा करायला गेले आणि मग राहवलं नाही. जाळीचं मला त्याच संध्याकाळी दिसलं होतं. नवी आणून कपाटात ठेवलीय. साताऱ्याच्या माणसाला पुढच्या महिन्यात यायला सांगितलंय. दोन वर्षांत पहिल्यांदाच आयता चहा मिळतोय. तुझी जाळी पाठवू नकोस.