रिकाम्या तलावाचं गणित

घाटकोपर,
२८ ऑगस्ट १९८६

प्रिय माणिक,

तुझं पत्र येऊन आठ दिवस झाले. उत्तराला एवढा उशीर मी कधी केला नव्हता. अण्णांना कामावरून काढलं, ते धड जेवत नाहीत, मी साहेबांकडे शब्द टाकावा, असं तू लिहिलंस.

चारकोपच्या पोहण्याच्या तलावाचं तुला अर्धवटच कळलंय. शेवाळ काढायला भर पावसाळ्यात तो रिकामा केला आणि दुसऱ्या दिवशी खोल बाजूची भिंत आत कलली. कुणाला इजा झाली नाही, एवढंच नशीब. साहेबांनी ठरवून टाकलं, मुकादम दत्तारामने, म्हणजे तुझ्या अण्णांनी, सिमेंट कमी घातलं.

त्या भिंतीचं गणित माझं होतं गं. दहा मीटर रुंद, दोन मीटर खोल; तळाशी दाब चौरस मीटरला दोन टन, वर शून्य, म्हणून सरासरी एक. क्षेत्रफळ वीस, एकूण जोर वीस टन, आतून बाहेर. पहिलंच स्वतंत्र काम, केवढी मिरवले होते मी! पॉलिटेक्निकात आपण असली गणितं ढिगाने सोडवली. प्रत्येकात टाकी काठोकाठ भरलेलीच असायची. रिकाम्या टाकीचं कुणी घातलंच नाही, आणि माझ्याही डोक्यात आलं नाही. चारकोपची जमीन खाडीलगतची, पावसात दोन हातांवर पाणी लागतं. तलाव रिकामा झाला, आतला दाब गेला, बाहेरचा राहिला.

अण्णांच्या ते लक्षात आलं होतं. खोदकाम चालू असताना म्हणाले, "गो बाय, पाणी भायरसूनय ढकलतला. तेचा गणित केलंस?" मी हसून म्हटलं, सगळं कागदावर आहे. कागदावर काहीसुद्धा नव्हतं.

काल चौकशीत त्यांना विचारलं, आराखड्यात दोष होता का? मी समोरच बसले होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, पोरीचं गणित बरोबर आहे, माल माझाच कमी पडला. आणि सही केली. मी गप्प बसले. माणिक, मी गप्प बसले.

सोमवारी मी लेखी देणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. पण मी स्वतःला ओळखते. रविवारपर्यंत मला शंभर सबबी सुचतील. म्हणून हे पत्र आत्ताच पेटीत टाकतेय. माझी कबुली तुझ्या हातात असली की मला माघार घेता येणार नाही. मी तोंड उघडलं नाही असं कळलं, तर हाच कागद साहेबांना पाठव. माझी गय करू नकोस.

तुझीच म्हणवून घ्यायला लाजणारी,
कुंदा