नुसते डोळे आलेत

४ मार्च
डोळे आले! दोन्ही. लालबुंद, ठणका वेगळाच. कामावर, शिवणकामाच्या दुकानात पाऊल टाकलं नाही तोच मालक ओरडले – "बाई, माझ्याकडे बघू नका!" जशी काही मी चेटकीणच. काळा चष्मा लावून घरी परत.

५ मार्च
शेजारीण दुधाची पिशवी दाराशी ठेवून पळाली. दिवसभर तोंडातून शब्द नाही. कोणाशी बोलणार?
लेकीला फोन करावासा वाटला. केला नाही. "तुला माझं काहीच पटत नाही," म्हणून तिने फोन आपटला, तेव्हापासून तीही गप्प, मीही गप्प. खाण तशी माती! पण आठवण येते. फार येते.

७ मार्च
उजेड सोसत नाही. सुईत दोरा ओवायला गेले तर सुईच दिसेना. घाबरले. डोळे गेले तर खाणार काय? त्यात मनगटाला खाज. दुष्काळात तेरावा महिना.

८ मार्च
हॉस्पिटलच्या इमर्जन्सीत जाऊन आले. रक्तदाब बघायला नर्सने बाही वर केली, मी ती खाली ओढली. या वयात टॅटू – लाज वाटते! लेक नोकरीसाठी दूर निघाली, तेव्हा दोघींनी एकाच दुकानात, एकाच शाईने काढून घेतलेला. सुई आणि दोरा. "जन्मभर तू टोचलंस, आई, आज तुझी पाळी," म्हणाली होती.
नर्सने हात सोडला नाही. "अहो, हे फुगलंय कधीपासून?" दोऱ्याची अगदी दोरी झालेली. मला वाटलं होतं, खाजवून सुजलं असेल.
डॉक्टरबाईंनी टॅटूवरून बोट फिरवलं, मग यंत्रातून डोळे पाहिले. "डोळे आलेले नाहीत, मावशी. आतून सुजलेत. टॅटूच्या शाईने काहींचं शरीर असं बिथरतं. कोणाला लागण होणार नाही. पण अंगावर काढलं असतंत तर नजर गेली असती."
आले आले म्हणत बसले, आणि जायची वेळ आली होती!

११ मार्च
थेंब, गोळ्या. थोडं दिसू लागलंय. लागण नाही म्हणून सांगितलं, तरी मालक चार हात लांबच. शेजारीणही.

१२ मार्च
लेकीचा फोन! आपणहून! "काही नाही गं, आवाज ऐकावासा वाटला. सुट्टी घेऊन घरी पडलेय. नुसते डोळे आलेत."
मी म्हटलं, "आधी बाही वर कर."
पलीकडे बाही सरकल्याची सळसळ. मग –
"आई, तुला कसं गं कळलं?"