हवालदार शुद्धीवर येईपर्यंत

१ नोव्हेंबर, शनिवार
घरात आले: चहापावडर दोन किलो (माणिकपूरच्या दुकानात एकावर एक फ्री, ५२०), वातींचा कापूस ९०, अगरबत्ती ६०. शिवाय सूनबाईने, मेघनाने, टीव्हीवर 'मिठागर' नावाची खुनाची मालिका घेतली. तीन महिन्यांचे २९९. पगार तिचा, बोलायची सोय नाही.
संकल्प: असले आपण बघायचे नाही. हॉलमध्ये बसून मार्गशीर्षासाठी वाती वळायच्या. रोज दोनशे.

३ नोव्हेंबर, सोमवार
वाती १४०. मालिका चालू होती, मी पाहिली नाही. त्यात हवालदार हरेश्वर पंचनामा लिहायला जातो आणि प्रेत सख्ख्या भावाचे निघते. आवाज हलत नाही, फक्त नाव लिहिताना पेन थांबते. एवढे कानावर पडले.

६ नोव्हेंबर, गुरुवार
भजनी मंडळ आमच्याकडे. आरतीनंतर बायका अर्धा तास 'मिठागर'मधल्या कामांवर. मंडळातल्या पिंकीला खुनी आवडतो, हसतो काय म्हणे. मेघनाला इन्स्पेक्टरबाई: चौकशीत नुसते संत्रे सोलत बसते आणि आरोपी आपोआप बोलायला लागतो. शेजारची क्लेमेंटीन भजनाला नसते, चहाला असते. तिचा पहिला नंबर मेलेल्या भावाच्या आईला.
मंडळाची प्रमुख म्हणून मी बजावले, देवासमोर खुनाच्या गप्पा नकोत. पण हरेश्वरचे नाव कुणीच घेईना, म्हणून ते पेनाचे मला सांगावे लागले. वीस मिनिटे.

१० नोव्हेंबर, सोमवार
वाती ३५. कापूस खराब.

१७ नोव्हेंबर, रात्री
हरेश्वरला गोळी लागली. मिठाच्या ढिगावर पडला, पडताना टोपी सांभाळली. मेघनाने विचारले, आई, रडताय का. कापसाचे तंतू डोळ्यात गेले होते. वाती शून्य.
देवघरात जाऊन जूचंद्रच्या चंडिकेला नवस बोलले: हवालदार शुद्धीवर येईपर्यंत चहा सोडला. दिवसाचे चार कप. सोमवारी नवा भाग येतो, म्हणजे आठवड्याचा प्रश्न. वाचेल ती पावडर फायद्यात.

२० नोव्हेंबर, गुरुवार
डोके ठणकते. नवसाचे कुणाला सांगणार नव्हते, पण चहा का नाही असे कुणी विचारीना, तेव्हा सांगितले. क्लेमेंटीन म्हणाली, तिनेही मंगळवारपासून हरेश्वरसाठी नोव्हेना, म्हणजे त्यांची चर्चची प्रार्थना, धरलाय. म्हटले, किती दिवस?
"नऊ. नऊ म्हणजे नऊ. तुझ्यासारखं मुदतीचं दार उघडं टाकून देवाशी बोलत नाय मी, सुनंदा."
आणि माझ्याच पावडरीचा दुसरा कप घेतला.

२४ नोव्हेंबर, सोमवार
कोमात आहे. अख्खा भाग पडून होता, पण पडून राहण्यातही काय काम केले आहे. पापणी हलली. मेघना म्हणते नाही हलली. तिचे लक्ष फोनमध्ये.

२७ नोव्हेंबर, मार्गशीर्षातला पहिला गुरुवार
पूजा झाली. वाती विकत आणल्या, ४०. बायकांनी सर्वांत चांगल्या कामासाठी हात वर करायचे ठरवले. मी विरोध केला आणि मोजणी माझ्याकडे घेतली. हरेश्वर सातपैकी पाच. त्यातले दोन हात माझे: एक माझा, एक प्रमुखाचा.
क्लेमेंटीनचा नोव्हेना काल संपला. ती मोकळी. चहा झाला तेवढा वेळ मी गॅलरीत उभी राहिले. तिथेही आले घातल्याचा वास येतो.

१ डिसेंबर, सोमवार
शेवटचा भाग. यंत्रावरची रेघ वरखाली होत राहिली, हरेश्वरचे बोट जरासे उचलले, आणि पडद्यावर नावे सुरू झाली. मी म्हटले, पुढचा लाव. मेघना म्हणाली, "पुढचा सीझन दीड वर्षाने, आई."
ह्यांनी पेपरातून डोके बाहेर न काढता सांगितले, "नवस देवीला कशाला? लेखकाला बोलायचास."

२ डिसेंबर, मंगळवार
ह्यांचे म्हणणे पहिल्यांदाच उपयोगी पडले. मालिकेच्या कंपनीला कार्ड लिहिले. नक्कल:
"महोदय, सा. न. आपली मालिका मी पाहत नाही. परंतु हवालदार हरेश्वर ह्यांचे काम घरात सर्वांना पसंत आहे. देवीला दिलेला शब्द मागे घेता येत नाही आणि दीड किलो पावडरीला वास लागेल. आपल्याकडे पुढचे लिहून झालेच असेल. ते डोळे उघडतात का, एवढेच. बाकी कथा कुणाला सांगणार नाही. उघडत असल्यास, कृपया उलट टपाली कळवावे."