निलगिरीला थांबत नाही

१४ मार्च २०१६, सोमवार

मशीन पुन्हा बंद! इंजिन चालू, पाती फिरतात, पण फांदी आत ओढणारे दोन रोलर मधेच थांबतात. अर्ध्या मिनिटानं आपोआप सुरू. आज अकरा वेळा.

पैठण रस्ता रुंद होतोय. दोन्ही बाजूंची झाडं तोडायची आणि आमच्या मशीनमध्ये घालून भुसा करायचा. भुसा वीटभट्टीला वजनावर जातो, म्हणून ठेकेदार अप्पारावांचा हुकूम – पानासकट सगळं आत गेलं पाहिजे. मागच्या महिन्यात एकानं सरपणाची मोळी घरी नेली. त्याला त्याच दिवशी घरी बसवलं.

आज मला म्हणाले, "मधुसूदनराव, शनिवारपर्यंत बघा. नाहीतर पुण्याहून माणूस बोलावतो."

पुण्याचा माणूस आला की मी घरी, हे वेगळं सांगायला नको. चिकलठाण्याचा कारखाना बंद पडल्यावर दोन वर्षं घरात बसून काढली. अठ्ठावन्नाव्या वर्षी पुन्हा ते नको.

१५ मार्च

हायड्रॉलिक तेल बदललं. फिल्टर काढून बघितला – स्वच्छ. तरी नऊ वेळा बंद.

सहाव्या दिवशी नळ आला. बायकोनं, दमयंतीनं, घरातल्या वाट्यासुद्धा भरून ठेवल्या आहेत.

१६ मार्च

पट्टा ताणला. पात्यांना धार लावली. अप्पाराव छत्री धरून बघत होते. सगळ्या मजुरांसमोर म्हणाले, "रोग हाल्याला अन् इंजेक्शन पखालीला!" राग आला, अजून आहे.

एक गंमत. मी तोंडाशी उभा राहिलो की मशीन अगदी शहाणी. इंजिनाच्या बाजूला गेलो की थांबते. फांद्या घालणारा सोनाजी म्हणतो, "तुमाला भेती साहेब ती." मेंढपाळांच्या घरचा माणूस. मेंढरं दुष्काळात विकली, चार-पाच शेळ्या उरल्या, आता मजुरी. कमी बोलतो. सकाळी मशीन सुरू करायच्या आधी तिच्या पाठीवर थाप मारतो. कारखान्यात असं कुणी केलं असतं तर मी हाकललं असतं.

१७ मार्च

अंदाजानं काम करायचं नाही. तक्ता केला – कोणतं झाड, किती वेळा थांबली.

बाभूळ चार. पिंपळ तीन. बोर दोन. वाळकं लाकूड शून्य. निलगिरी शून्य.

ओल्या सालीचा चीक रोलरच्या दातांत बसत असणार. पण निलगिरीही ओलीच की! तिला का थांबत नाही?

रात्री जेवताना तक्ता दमयंतीला दाखवला. म्हणाली, "निलगिरी तर शेळीसुद्धा खात नाही." प्रत्येक गोष्टीची थट्टा!

१८ मार्च

सापडलं!!

तोंडावर आडवी लाल दांडी आहे. हात आत ओढला जायला लागला तर ती ढकलायची, रोलर जागीच थांबतात. दांडीच्या मुळाशी स्विच. त्याच्या वायरी इंजिनाकडच्या पेटीत येतात, तिथं मीटर लावून दिवसभर बसलो. दर वेळी स्विचच उघडतोय! म्हणजे पाल्याची झुडपी फांदी दांडीला धक्का देते आणि स्विच ढिला झालाय. निलगिरी सरळसोट, ती लागत नाही. तक्ता जुळला.

नवा स्विच यायला आठवडा. उद्या तर शनिवार. पेटीतल्या दोन वायरी एकमेकींना जोडून वर काळी टेप गुंडाळली. स्विच बाद. दोन मिनिटांचं काम.

दांडी आता नुसती शोभेची आहे, हे सोनाजीला सांगायला हवं. तो तेवढ्यात निघून गेला होता.

१९ मार्च, शनिवार

एकदाही नाही! पिंपळ, बाभूळ, बोर – सगळं गिळलं. अप्पाराव आणि मी दिवसभर तोंडाशी खुर्च्या टाकून बसलो होतो. "राहू द्या आता ते पुणं," म्हणाले, आणि स्वतः चहा मागवला. आनंद झाला. नाही कशाला म्हणू?

सोनाजी मात्र तोंड पाडून. दुपारी त्याची बायको बानाबाई भाकरी घेऊन आली. जाताना चादर झटकून रिकामीच काखेत मारली. "आज कायबी नाय?" असं काहीसं विचारत होती. सोनाजीनं माझ्याकडे बघून मान हलवली.

त्याला सांगायचं राहिलंच. अप्पारावांसमोर नको वाटलं.

२१ मार्च, सोमवार

साडेदहाला ओरडणं ऐकलं. मी इंजिनाकडे होतो. धावत जाऊन किल्ली फिरवली. सोनाजीचा उजवा हात मनगटापर्यंत रोलरमध्ये. रोलर उलटे फिरवून काढला. घाटी दवाखान्यात नेलं. तीन बोटं काढावी लागली.

गाडीत त्याचं डोकं माझ्या मांडीवर. तेच तेच बोलत होता – "उंबराचा पाला लई कवळा व्हता साहेब. शेळ्या परवापून उपाशी. दांडी हाणली म्या. रोज थांबती. आज थांबलीच नाय."

रोज! मी इंजिनाकडे वळलो की दांडी ढकलायची, कोवळा पाला ओढून घ्यायचा, दांडी परत जागेवर. बानाबाई चादरीत बांधून न्यायची. "हिरवा पाला दळायचा म्हंजी जितराबाच्या तोंडातला घास काढायचा," म्हणाला. स्विचला काहीही झालेलं नव्हतं. दमयंतीला गुरुवारीच कळलं होतं, थट्टेत का होईना.

मला विचारलं असतं तर? नाहीच म्हणालो असतो.

२२ मार्च

उद्या चौकशीला माणूस येणार. अप्पारावांनी विचारलं, "दांडी चालू होती ना?" मी हो म्हणालो. आपोआप तोंडातून गेलं.

संध्याकाळी घाटीत गेलो. व्हरांड्यात बानाबाई. मी नको नको म्हणत असताना पायाच पडली. "तुमी किल्ली फिरवली म्हनून हात ऱ्हायला. न्हाईतर समदाच गेला असता." मला लाज वाटली. इतकी लाज आयुष्यात वाटली नव्हती. सोनाजीला बघायला आत गेलो नाही.

उद्या सगळं सांगून टाकायचं. ठरलं.

२३ मार्च

चौकशीच्या माणसानं दांडी एका बोटानं ढकलली. रोलर जागच्या जागी थांबले. "मजूर खोटं बोलतोय," म्हणाला, आणि तसंच लिहिलं. खाली मी सही केली.

टेप सकाळी सहालाच काढली होती. दोन मिनिटांचं काम.