बुटातला खडा

ती. आईस,
लेकीचा वाकून नमस्कार.

मी बरी आहे, दोन्ही वेळा नीट जेवतेय. आता ओळखीही झाल्यात, एकटी नसते. बाबांचा गुडघा कसा आहे? एक गोष्ट फोनवर सांगवली नसती, म्हणून लिहितेय.

काल ऑफिसच्या लोकांबरोबर एक जुनं स्पॅनिश मिशन बघून आले. मिशन म्हणजे पूर्वी स्पेनहून इकडे आलेल्या पाद्र्यांचं चर्च आणि वस्ती. पडझड झालेलं, ते पुन्हा होतं तसं उभं केलंय. चर्चच्या दारात मी सवयीने बूट काढले. सगळे हसले, तशी मी "खडा गेलाय" म्हणाले आणि घाईघाईत परत घातले.

मागे अंगणात नावाचा दगडही नसलेली थडगी आहेत. ज्यांनी तिथल्या मातीच्या विटा थापल्या, त्या इथल्या मूळच्या लोकांची. त्यांच्यातलीच एक आजी अनवाणी फिरून फुलं ठेवत होती. मला म्हणाली, "दारात बूट काढताना तू एकटीच दिसलीस. तुमच्यातही काढतात?"

सगळे माझ्याकडे बघत होते, आई. गावदेवीच्या पायरीवर माझ्या चपलेचा बंद तू सोडायचीस, ते आठवलं.

तिलाही मी खडाच सांगितला.

तुझी,
मानसी