झोपडीकडे पाठ करून

बाबा, जंगल वाचलं. बोरिवलीच्या त्या टेकड्यांवर चाळी उठल्या नाहीत, खाणवालेही परत गेले. लोक म्हणतात, ड्रॉइंगमास्तरांनी रान वाचवलं. मला ते ऐकवत नाही.

रविवारी तुम्ही चित्रकारांना रानात न्यायचात. त्यांची चित्रं शहरात लागली, की आपण काय तोडायला निघालोय ते साहेबलोकांना कळेल, असं तुमचं म्हणणं. कल्पना चांगली होती, हे मी नाकारत नाही. रंगांची पेटी माझ्याकडे असे. पाड्यावरची एक वारली बाई आम्हाला तिच्या अंगणात बसवायची, कारण तिच्या झोपडीची सावली अंगणात पडे आणि समोर थेट दरी. ती भाकरी आणून ठेवते आणि एका दाढीवाल्या चित्रकाराला विचारते, "काय रं, सकाळधरनं झाडच बघतंस? पळून जातंय का ते?" सगळे हसतात. सगळ्यांची तोंडं दरीकडे, झोपडी सगळ्यांच्या पाठीमागे.

मी तेव्हा प्रमाणात रेखाटायला शिकत होते. मी उलटी बसले आणि झोपडी, भाताचं खाचर, विहीर जिथल्या तिथे काढली. प्रदर्शनाच्या गठ्ठ्यातून तुम्ही नेमका तो कागद बाजूला काढलात. "हे नको. घर दिसलं की कंत्राटदार म्हणेल, वस्ती आहेच, मग चाळींनी काय बिघडतं?"

"पण घर आहे ना तिथे, बाबा."

"आहे गं. म्हणून चित्रात असायलाच हवं का?"

नजरचुकीनं झालं असतं तर मी केव्हाच विसरले असते. तुम्ही विचार करून केलंत.

प्रदर्शन गाजलं. वरचे साहेब चित्रांसमोर उभे राहून म्हणाले, माणसाचा स्पर्श नसलेलं रान आहे, ते असंच राहिलं पाहिजे. त्या हिवाळ्यात तुम्ही गेलात. पुढच्या उन्हाळ्यात पाडा उठवला, रान 'असंच' राहावं म्हणून. तुम्ही सुटलात. मी आता एका कचेरीत नकाशे काढते. त्या भागाचा नकाशा माझ्या टेबलावर आला तेव्हा तिथे सलग हिरवा रंग भरायचा होता. मी विहीर दाखवली. "त्यातलं पाणी पितं कोण?" असं विचारून साहेबांनी ती खोडली. पिणाऱ्यांना तर आपणच पुसलं होतं.

गेल्या आठवड्यात ती बाई स्टेशनाबाहेर पळसाची पानं विकायला बसली होती. तिनंच मला हाक मारली. "मास्तरची पोर ना गं तू? केवढी झालीस! मास्तर बेस हाय ना?"

तिच्या तोंडून तुम्हाला शिव्या ऐकाव्यात, अशी माझी कितीतरी वर्षांची इच्छा होती. पण ती विचारत होती, अजून चित्रं काढतात का, खोकला गेला का. आपल्याला कशामुळे उठवलं, हे तिला आजही माहीत नाही. मी सांगितलं नाही. तुम्ही नाही आहात, हेही सांगितलं नाही. "बरे आहेत," म्हटलं आणि पानांचा जुडगा उचलला.

तुमची लाज राखायला मी खोटं बोलले असं समजू नका. तुम्ही गेलात हे सांगितलं असतं तर ती तिथेच तुमच्यासाठी रडली असती, आणि तिच्यासमोर मला कोरडं राहता आलं नसतं.